धाकट्या साडूंचा तुरा

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कारण मत्सर नाही, हे पहिल्याच पानावर स्वच्छ लिहून ठेवतो.

काल कबुतरांच्या प्रदर्शनात धाकट्या साडूंना कप मिळाला. धाकटे साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. परवापरवापर्यंत यांना कबूतर आणि पारवा यांतला फरक कळत नव्हता. मी लग्नाआधीपासून गच्चीवर ढाबळ बांधून कबुतरं पाळतोय. पण त्यांच्या निळ्या मादीच्या डोक्यावर तुरा आहे, म्हणून कप. माझ्या लाल्याला तुरा नाही, म्हणून त्याच्या पिंजऱ्यापुढे कोणी थांबलंही नाही. ती छाती, ती चाल, तो विटेसारखा रंग, सगळं वाया. परीक्षकांच्या चष्म्याचे नंबर वाढलेले होते. मी चष्म्याच्या दुकानात आहे, मला लांबून कळतं.

साडूंनी कप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "दादा, तुमच्याकडे बघूनच नाद लागला." याला म्हणतात जखमेवर मीठ.

६ जानेवारी, सकाळ
निर्णय पक्का. लाल रंग आणि तुरा एकाच कबुतरात आणायचा. असं कबूतर इकडे कोणाकडेच नाही. पुढचा कप माझा.

लायब्ररीतून कबुतरांच्या आनुवंशिकतेवरचं पुस्तक आणलं. पहिलं प्रकरण, 'प्रभावी गुण', वाचलं. दोन गुण समोरासमोर आले की एक मिरवतो, दुसरा गप्प बसतो. लगेच पटलं. आमच्या घरात रोज हेच चालतं. तुरा इतका रुबाबदार, तो प्रभावीच असणार. म्हणजे माझा लाल नर, त्यांची तुऱ्याची मादी, आणि पिल्लं लाल तुऱ्याची. दुसरं प्रकरण 'अप्रभावी गुण'. जे मुळातच अप्रभावी, त्यावर वेळ का घालवा. सोडलं.

११ जानेवारी
साडूंकडे गेलो. डाव असा होता: आधी हवापाण्यावर बोलायचं, मग मादीच्या तब्येतीची काळजी दाखवायची, मग हवापालटासाठी ती मागायची. अजून हवेवरच होतो, तेवढ्यात साडू म्हणाले, "लाल्याशी जोडी लावायचीय का दादा? मग कायमचीच घेऊन जा की." आणि खोकं आणायला आत गेलेसुद्धा.

डाव यशस्वी. मात्र घरी येईपर्यंत डोकं भणभणत होतं. बायको म्हणाली, किती मोठ्या मनाचे आहेत. जेवण गेलं नाही.

२ फेब्रुवारी
जोडी जमली. लाल्या गळा फुगवून तिच्याभोवती घुमत फिरतो. बाईसाहेब तोऱ्यात. दोन अंडी.

कपासाठी हॉलमधल्या कपाटावर जागा केली. तिथे सासऱ्यांचा फोटो होता, तो जरा बाजूला सरकवला. संध्याकाळी तो होता तिथे परत आला होता. कोणी ठेवला ते विचारलं नाही.

१९ मार्च
पिल्लांना पिसं आली. दोन्ही लाल. डोकी सपाट. उशिरा फुटत असेल. मलाही मिशी उशिराच फुटली.

७ मे
दुसऱ्या वेळचीही दोन. एकूण चार पिल्लं, चारही लाल, चारही बोडकी. आता संशयाला जागाच नाही: साडूंनी मला हिणकस तुरा दिला. बायकोला तसं म्हणालो. ती म्हणाली, कप मिळाला तेव्हा अस्सल होता ना? माहेरचा विषय निघाला की हिला तर्कशास्त्र सुचतं.

१४ मे
दुकानात एक आजी आल्या. बरोबर मुलगा, सून आणि चष्मा लागलेली नात. नात घाऱ्या डोळ्यांची, आईबाप दोघंही काळ्याभोर डोळ्यांचे. आजींचा चेहरा आंबट, सून जमिनीकडे बघून उभी. मी फ्रेम दाखवता दाखवता आजींना समजावलं की घारे डोळे असे एखादी पिढी लपून बसतात. आईबापांत दिसत नाहीत, पण दोघांच्या रक्तात थोडे थोडे असले की पोरांत वर येतात. आजींनी नातीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. मग म्हणाल्या, त्यांच्या सासूबाईंचे डोळे घारे होते आणि बाई भारी खाष्ट होती. सुनेनं जाताना माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला कोर्टातून सोडवलं. शास्त्र अंगात मुरावं लागतं.

संध्याकाळी चारही बोडकी पिल्लं आणि ती निळी मादी खोक्यात घालून साडूंकडे पोचवली. म्हणालो, "घ्या, तुमचा वारसा तुम्हीच सांभाळा." चांगला जिव्हारी लागेल असा टोमणा होता. साडूंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "एवढी पाखरं कोण कोणाला देतं, दादा." या माणसाला टोमणे मारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

३० जून
लाल्या हल्ली घुमत नाही. एका कोपऱ्यात बसून असतो. हवामानाचा परिणाम.

२१ सप्टेंबर
साडूंचा फोन. त्या चारांपैकी एका नराची आणि मादीची जोडी जमली, पिल्लंही झाली. म्हणजे सख्खी बहीणभावंडं. मी म्हणालो, हे आपल्या घराण्याला शोभत नाही. साडू म्हणाले, त्यांचं त्यांनी ठरवलं, मी कोण मध्ये पडणार.

बरंच झालं. सपाट डोकं आणि सपाट डोकं मिळून सपाट डोकंच. दोन घास जास्त जेवलो.

१८ ऑक्टोबर
धाकटीनं बायकोला फोटो पाठवला. लाल पिल्लू. डोक्यावर तुरा. मी म्हणालो, वाऱ्यानं पिसं विस्कटली असतील. बायकोनं फोटो मोठा करून दाखवला. मागे दोरीवर साडूंचा शर्ट वाळत होता. बाही सरळ खाली लोंबत होती.

१९ ऑक्टोबर
दुसरं प्रकरण वाचलं. तुरा अप्रभावी. पहिल्या पिढीत लपतो. त्या पिढीतली भावंडं एकत्र आली की चारांत एखाद्याच्या डोक्यावर परत उगवतो.

लेखकानं हे पहिल्याच प्रकरणात सांगायला हवं होतं. मी दुकानातल्या त्या आजींना काय म्हणालो होतो, ते आठवलं. पुस्तक मिटलं.

२६ ऑक्टोबर
साडूंना स्पष्ट सांगायला गेलो की ही पिढी मी घडवली, पाखरू माझं. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. ऊबदार होतं. काळीज टकटक करत होतं, त्याचं. पुढच्या रविवारी बोलेन.

३ जानेवारी
गेले नऊ रविवार सर्दी होती.

आज प्रदर्शन. साडूंना कप. माइक हातात घेऊन ते म्हणाले, "श्रेय माझं नाही. जोडी माझ्या दादांनी लावली. आणि ऐन फळ धरायच्या वेळी सगळी पाखरं मला देऊन टाकली. असं मन कोणाचं असतं?" मला उभं राहावं लागलं. लोक टाळ्या वाजवतच राहिले. बायको माझ्याकडे अशी बघत होती, जशी लग्नानंतर एखादं वर्ष बघायची. मी हात जोडले. लोकांना तो विनय वाटला.

टाळ्या मला, कप त्यांना. टाळ्या कपाटावर ठेवता येत नाहीत.

निघताना साडूंनी लाल तुऱ्याची एक जोडी टोपलीत घालून बळेच दिली. घेतली. मन मोडवेना.

१० जानेवारी, संध्याकाळ
आठवडाभर कोंडून ठेवलेली जोडी सकाळी मोकळी सोडली. बायकोलाही गच्चीवर बोलावलं होतं. जोडीनं एक गिरकी घेतली आणि सरळ साडूंच्या घराच्या दिशेनं निघाली. मागोमाग लाल्या उडाला. मी शीळ घालत राहिलो.

दुपारी टोपली घेऊन साडूंकडे गेलो. लाल्या त्यांच्या पत्र्यावर त्या निळ्या मादीला खेटून बसला होता. गळा फुगवून घुमत होता. शीळ घातली. त्यानं मान वळवून पाहिलं. ओळखलं, नक्कीच ओळखलं. मग परत तिच्याकडे तोंड केलं.

साडू म्हणाले, "दादा, शिडी लावतो, लगेच पकडून देतो."

मी म्हणालो, नको, राहू दे.

साडूंनी आत वळून धाकटीला हाक मारली आणि सांगितलं, "अगं ऐकलंस का, दादांनी लाल्यासुद्धा दिला आपल्याला."

धाकटी चहा घेऊन आली. मी प्यायलो.