नेहमीचे सहा आकडे

९ मार्च, दुपार

प्रिय छोट्यास ताईचे आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. यांचे गुडघे धरलेत आणि मी दिवसभर लॉटरीच्या तिकिटांच्या खिडकीत, म्हणजे दोघंही बसूनच. तुझा खोकला गेला का? दोन गल्ल्यांवर राहून ही पत्र काय लिहिते, म्हणून हसशील. समोर बोलायला गेले की तू विषय बदलतोस आणि मी चहा देऊन मोकळी होते.

काल तुझी बायको आली होती. तक्रार करायला नाही, उसवलेली पिशवी माझ्या मशीनवर शिवायला. शिंप्याच्या घरातली पिशवी बाहेर शिवायला आली, तेव्हाच मी काय ते समजले.

तू म्हणतोस, इतकी वर्षं हे आकडे लागले नाहीत, म्हणजे आता पाळी जवळ आली. अरे, तिथे रांग नसते. सोडतीला दर वेळी आकडे लिहिलेल्या सगळ्या गोळ्या पुन्हा आत टाकतात आणि नव्याने घुसळतात. मागे कोण राहून गेलं, हे गोळ्यांना कुठून कळणार? जमलेल्या पैशांतून खर्च निघतो, माझं कमिशन निघतं, उरेल ते बक्षिसाला. खेळणारे सगळे मिळून हरतातच. शेजारचा न्हावी महिन्याला एक तिकीट घेतो, पैसे गेले असं धरूनच. सिनेमाला जावं तसं. तसं खेळणं मला चालतं.

तू रस्ता ओलांडताना दिसलास की मी न विचारताच तुझे आकडे दाबते. नेहमीच्या गिऱ्हाइकांचं आमच्याकडे असंच असतं. ते आकडे कसले, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. भिंगरीचा जन्मदिवस, आणि ती गेली तो दिवस. एक आठवडा चुकला तर लेकीला टाकून दिल्यासारखं वाटतं ना तुला? मलाही तिची आठवण येते, फार येते. पण ती त्या गोळ्यांत नाही रे.

आजपासून माझ्या खिडकीवर तुला तिकीट मिळणार नाही. दुसरीकडे मिळेल, ते माझ्या हातात नाही. रागाव हवं तर. माझं शिलाई मशीन तुझ्याकडे पाठवते आहे, ते मात्र विकू नकोस.

रविवारी दोघं या. ती गेल्यापासून तू फक्त तिचे आकडे सांगतोस. ती कशी हसायची, कशी रुसायची, हे कधी सांगत नाहीस. या वेळी ते सांग. मी रडेन, पण तू थांबू नकोस.

तुझी ताई,
आणि अजूनही भिंगरीची आत्या