बाबांनी निवडलेली मासोळी

हेल्वीताई, तुला नमस्कार आणि इंकेरीला गोड पापा.

आधी सांगतो, बाबा ठणठणीत आहेत. पाय चालतात आणि तोंड तर माझ्यापेक्षा जास्त चालतं. तळ्यावरचा बर्फ हातभर जाड आहे, त्याचीही काळजी नको. तुझा खोकला गेला का?

मादे मासा मात्र अजून एकही लागला नाही. तो तळाशी अंधारात वासावरच येतो, म्हणून गळाला लावायची मेलेली मासोळी बाबा हुंगूनच निवडतात, हे तुला ठाऊकच आहे. मंगळवारी त्यांनी एक हुंगली आणि म्हणाले, "अगदी ताजी आहे, लाव." मला तर ती सडल्याचा वास दुरूनच येत होता. वाटलं, माझी चेष्टा करताहेत.

काल सकाळी मी बाहेरून तळ्याकाठच्या खोपीत शिरलो, तर गॅसची कळ उघडी. सगळीकडे वास भरलेला आणि बाबा आरामात पाइप भरून काडेपेटी शोधताहेत! मी ती हिसकावली, तर माझ्यावरच ओरडले, "वेड लागलंय का रे तुला?"

संध्याकाळी मासोळ्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "आता तू निवड. शिकायला हवं तुला." चाळीस वर्षांत त्या डब्याला त्यांनी मला हात लावू दिला नव्हता.

महिनाअखेर मला कामावर परतायचंय. तू येशील ना? नाकाचा विषय काढू नकोस. मासोळी निवडायला शिकवा, एवढंच म्हण. ते एकेक मासोळी तुझ्याच नाकाशी धरतील.

तुझा,
ओस्मो