नव्या कचेरीला ओटाच नाही

राजूरला राहणारा माझा धाकटा भाऊ चिरंजीव कारभारी यास थोरली बहीण साळूबाई हिचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा, तुझी म्हैस आणि तुझी बायको बरी असतील (याच क्रमानं तू काळजी घेतोस, म्हणून). पत्र नात चांगुणा लिहिते आहे. सांगते तसं लिही म्हटलं, तर मेली माझं बोलणं धुऊन, पिळून लिहिते.

आमची जुनी नगरपालिका तुला आठवत असेल. मूळची ती घोड्यांची पागा, मग कापसाचं गोदाम, मग कचेरी. कारकून गव्हाणीतच दप्तरं ठेवायचे (आणि दुपारी तिथंच मान घालून पेंगायचे). पण पुढं ऐसपैस ओटा होता. त्यावर बसून मी तीस वर्षं हळदकुंकू विकलं. यंदा ते सगळं पाडून सिमेंटची दुमजली इमारत उभी केली. भिंतींना जाळ्या, फरशी अशी गुळगुळीत की उद्घाटनाला अध्यक्ष चालत आलेच नाहीत, घसरत आले. दारात पुतळ्यासाठी कोनाडा. पुतळा कुणाचा, यावर अजून भांडण. सगळं आहे, ओटा नाही! मग मी बसू कुठं?

गेले तडक इंजिनिअर काकासाहेबांकडं. ते नव्या कचेरीच्या दारातच भेटले.

"सायेब, नकाशात मला कुठं बसवलंय?"

"आजी, नकाशात माणसं नसतात."

"ते दिसतंयच की!"

भांडायला हात मोकळे हवेत, म्हणून कुंकवाच्या पुड्यांवर ठेवायचा माझा दगड कोनाड्यात टेकवला आणि रागाच्या भरात तिथंच विसरले. तीस वर्षांच्या कुंकवानं तो लालभडक झालेला. दुसऱ्या दिवशी बघते तर त्याच्यापुढं नारळ, उदबत्त्या, आणि कारकून चपला बाहेर काढून आत चाललेले! झाडूवाली भागूबाई म्हणाली, "मावशे, आपोआप परगटलाय. लई जागृत हाय." माझाच हाय गं, म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीन बायका कुंकू मागायला आल्या. मिटलं तोंड. पण पायरीवर टेकले तर शिपाई ओरडतो, "म्हातारे, देवाफुडं धंदा न्हाई!" माझ्याच दगडापुढनं मलाच हाकलतो बघ.

बाकी सर्व क्षेम. म्हशीला माझा नमस्कार, भावजयीला आशीर्वाद.

ता.क. तुझी ती छातीपर्यंतची दाढी कापू नकोस. गुरुवारी ती मोकळी सोडून ये, कोनाड्यापुढं अंगात आण आणि मोठ्यानं सांग, देवाला डाव्या हाताला ओटा पाहिजे आणि ओट्यावर कुंकूवाली पाहिजे. (डाव्या बाजूला सावली असते.)

आणखी ता.क. गुरुवार चुकवू नकोस. काकासाहेबांनी दगडाला पुण्याच्या बदलीचा नवस बोललाय. बदली झाली की देऊळ बांधणार म्हणे. नकाशाही काढून ठेवलाय. चांगुणाकडून नीट बघून घेतला. त्यालाही ओटा नाही.