दुसरा पेला

आदरणीय पाळकसाहेब,
सलाम.

परदेशातल्या गरीब मुलांसाठी आपल्या चर्चने भरलेली नाताळची खोकी उद्या सकाळी निघणार आहेत. ती थांबवा. त्यातल्या एकात मी विष ठेवलंय.

आमचे हे दिवाळीपासून दिंडोरीला द्राक्षबागेत फवारणीला आहेत. मागच्या महिन्यात आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन पेले सापडले. पांढरे, बाजूने निळ्या रेघा. मला लहान मुलांचेच वाटले. गरम पाण्यात तीनदा घासले आणि एक खोक्यात घातला, रंगपेटीशेजारी. तुम्हीच म्हणाला होतात, आपल्या लेकराला द्याल तेच द्या.

काल हे घरी आले आणि मांडणीवरचा दुसरा पेला बघून जागीच थांबले. म्हणाले, "हे फवारणीच्या औषधाचं माप हाय. ह्यातनं कोणी काय पेलं नाय ना?"

मी नाही म्हटलं.

खोक्यांवर देणाऱ्याचं नाव नाही आणि सगळ्यांना एकच लाल कागद. माझं शोधायला सगळीच उघडावी लागतील. लोक बोलतील ते मी ऐकून घेईन. पण तुम्ही विचाराल, असला अजून एक आहे का? त्या प्रश्नाला भिऊन आज दोनदा चर्चच्या फाटकावरून परत आले.

तुम्ही सांगितलंत तसंच मी केलं, पाळकसाहेब. लेकराला दिलं तेच दिलं. आमची जोआना महिनाभर त्या दुसऱ्या पेल्यातूनच दूध पितेय. परवापासून तिला मळमळतंय.

तुमच्या मंडळीतली,
रिबेका साळवे