टेबल हलवू नये

मी, खाली सही करणारा, जन्मभर लेथवर लोखंड कातलेला टर्नर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच मर्जीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने डॉक्टरीणबाईंना विचारावं, त्या शेजारीच चहा पीत बसल्या आहेत.

राहतं घर मी माझ्या भाचीला देत आहे. थोरल्या दादाचं म्हणणं, घर पुतण्यांना जावं, भाची परक्या घरची. म्हणून कारण लिहून ठेवतो.

बहीण गेली आणि ही पोर माझ्याकडे आली, तेव्हा काडीसारखी होती. शाळेत बाकावर पेंगायची. मास्तरांनी 'मंद' ठरवून टाकलं. दादा म्हणाला, "अरे, खाऊन पोट वाढतं, अक्कल नाही. ती उपजतच लागते." डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि मलाच झापलं, "मामा, दिवसभर लोखंडात हात, आणि पोरीच्या रक्तात लोह नाही!"

मग औषध, अंडी, डाळी, पालेभाज्या. पण नुसतं पोट भरून भागत नाही, जवळ बसून बोलावंही लागतं. मी जेवणाच्या टेबलावर शिस्त लावली: आधी एक प्रश्न विचारायचा, मग ताट. सुरुवातीला ती गप्पच, दोघांचे प्रश्न मीच विचारायचो. एका सकाळी म्हणाली, "मामा, कातताना लोखंड तापतं का?" त्या दिवशी उत्तर देता देता कामावर उशीर झाला, साहेबांची बोलणी मी हसत खाल्ली.

आज ती विमानं तपासते, तिच्या सहीशिवाय विमान जमीन सोडत नाही. हे वाक्य दादाने दोनदा वाचावं.

त्याच टेबलावर आता गल्लीतली मुलं शाळेआधी खातात. ते सांभाळणाऱ्या शिंपीणबाईंना मागची खोली हयातभर राहील. बँकेतली शिल्लक मुलांच्या दुधा-अंड्यांना. शिस्त तीच. घर विकू नये, टेबल हलवू नये.

केसाची जाडी मोजणारा माझा मायक्रोमीटर भाचीला. बाकीची हत्यारं पुतण्यांना. तेल लावून ठेवावीत, नाहीतर मी वरून ओरडेन.

दादाला काही ठेवलेलं नाही. म्हणूनच तो साक्षीदार होऊ शकतो, आणि या गोष्टीचा त्याच्याइतका जुना साक्षीदार दुसरा नाही.

ता. क. दादाने सगळं वाचलं. विमानाचं वाक्य दोनदा वाचलं. मग म्हणाला, "काय रे, हे विमान उडवायचं नाही, हे तिला कळतं कसं?" या टेबलावरचा त्याचा हा पहिला प्रश्न. शिंपीणबाईंनी लगेच त्याच्यापुढे ताट ठेवलं.

लिहून देणार: टर्नर, भाचीचा मामा (सही)
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई (सही)
२. थोरला भाऊ (सही, जेवून झाल्यावर)
स्थळ: तेच टेबल
दिनांक: आजचा, डॉक्टरीणबाईंनी सहीखाली घातला आहे