सहभागी क्रमांक सात

निजामपुरा, बडोदे
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय शालूआत्या,

नमस्कार. गुडघा कसा आहे? इथे आम्ही सगळे मजेत. आईने तुझ्यासाठी लिंबाचं गोड लोणचं भरून ठेवलंय. बाबा उद्या पादऱ्याला येताना ते आणतील आणि हे बंद पाकीटही. मी पत्र लिहितेय म्हटल्यावर बाबा दोनदा विचारून गेले, फोन बिघडला का म्हणून. फोन ठीक आहे. पण तुझे मेसेज श्रद्धाभाभी उघडते, आणि हे सुनेने सासूला मोठ्याने वाचून दाखवण्यासारखं नाही.

प्रबंध येत्या शुक्रवारी द्यायचाय. बडोद्याकडची मराठी माणसं दिवसभरात कुठली गोष्ट कुठल्या भाषेत करतात, एवढाच विषय. पण त्याने मला वेड लावलंय. फतेगंजचे रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा आकडेमोड मराठीत करतात आणि कुत्र्याला रागावतात हिंदीत. का, ते त्यांनाही सांगता येईना. एक बाई देवाशी मराठीत बोलतात, भाजीवाल्याशी गुजरातीत, आणि स्वप्नात तो भाजीवालाच मराठी बोलतो म्हणाल्या. रिक्षात शेजारी कोण कुठल्या भाषेत हसतंय, ते मी आता कान देऊन ऐकते.

बारा जणांशी बोलले. प्रबंधात नाव कुणाचंच नाही, फक्त क्रमांक. तू सातवी.

संक्रांतीनंतर मी आले तेव्हा तुझ्यापुढे संमतिपत्र ठेवलं होतं, आठवतं? विद्यापीठाच्या समितीने मंजूर केलेलं, गुजरातीत छापलेलं. मराठीबद्दल विचारायला निघालेली मी, आणि हातात कागद गुजराती, हे माझ्या लक्षातही आलं नाही. तू तो वाचलाच नाहीस. "घरच्या पोरीच्या कागदात काय वाचायचं?" म्हणालीस आणि सही ठोकलीस. मला तेव्हा बरंच वाटलं, एक काम झटपट उरकलं.

मग चाळीस मिनिटं बोललीस. शाळा, शिपाई, स्नेहसंमेलनं. खरं सांगू? वार्षिक अहवाल ऐकल्यासारखं वाटलं. मी फोनवरचं रेकॉर्डिंग बंद केलं, तुवेरीच्या शेंगा सोलू लागले, जेवले आणि संध्याकाळच्या बसने परत आले.

परवा माझ्या मार्गदर्शक अहल्यामॅडम मसुदा वाचताना तुझ्यापाशी थांबल्या.

"पादरा, गुजराती घरात दिलेली मराठी मुलगी, निवृत्त मुख्याध्यापिका. अशा बायका पादऱ्यात किती?"

"एकच," मी म्हणाले.

"मग नाव काढून तू काय लपवलंस?"

प्रत ग्रंथालयात राहणार, आणि श्रद्धाभाभीची धाकटी बहीण आमच्याच विभागात पहिल्या वर्षाला आहे. मॅडमनी पुढे तुझ्या बोलण्यातल्या चार ओळींवर बोट ठेवलं. सगळ्या प्रबंधात हे सर्वांत चांगलं आहे म्हणाल्या, रेकॉर्डिंगमध्ये कुठे आहे ते दाखव. मी म्हटलं, तिथे बॅटरी संपली होती.

बॅटरी संपली नव्हती, आत्या. रेकॉर्डिंग मी बंद केलं होतं, तुझ्यासमोर, आणि ते बंद झाल्यावरच तू शेंगा सोलता सोलता बोललीस. तू भाचीशी बोलत होतीस. विसरू नये म्हणून मी बसमध्ये ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं आणि प्रबंधात घातलं, तुला न विचारता:

"बेचाळीस वर्षं झाली. किरीट चांगला आहे, सगळे चांगले आहेत. पण मला या घरात भांडताच आलं नाही. शाळेत गुजरातीत शिकवलं गं, पण गुजरातीत भांडायला गेले की हरते, आणि मराठीत भांडले तर कुणाला समजत नाही. म्हणून गप्प बसते. आणि सगळं पादरा म्हणतं, शालिनीबेनचा स्वभाव किती शांत."

आम्हीही तेच म्हणत आलो. लहानपणी मी हट्ट केला की आई तुझं उदाहरण द्यायची. या ओळी मी किती वेळा वाचल्या असतील. आधी, काय सापडलं म्हणून खूश होऊन. आता वाचल्या की लाज वाटते.

वहीचं ते पान फाडून या पाकिटात ठेवलंय. मसुद्यातून ओळी काढल्यात. सोबत संमतिपत्र आहे, यावेळी मराठीत, मी स्वतः लिहिलेलं. त्यात 'होय' आणि 'नाही' अशा दोन चौकटी आहेत. 'नाही'ला कारण लागत नाही. त्या ओळींशिवाय माझं चौथं प्रकरण लंगडं पडेल आणि मला वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू? पण किरीटफुआंनी आपल्या बायकोच्या, तुझ्या मनातलं माझ्या प्रबंधातून वाचावं, हे मला नको आहे. सांगायचं असेल तर ते तू सांगशील. बॅटरीचं मी उद्या मॅडमना सांगणार आहे, तुझं उत्तर काहीही येवो.

यावेळी मात्र वाच. घरच्या पोरीचा कागद आहे म्हणूनच नीट वाच.

आणि एक प्रबंधासाठी नाही, माझ्यासाठी. तू भांडतेस कशी, हे मला कधीच कळलं नाही. सुरुवात कशी करतेस, आवाज चढतो का, मधेच रडू येतं का? कारण तर मीच दिलंय तुला: विश्वासाने बोललीस आणि मी ते उचललं. गुडघा बरा वाटला की निजामपुऱ्याला ये. फोन दुसऱ्या खोलीत ठेवीन. माझ्याशी मराठीत भांड, हवं तेवढं. मला सगळं समजेल.

भांडणाची वाट बघणारी,
तुझी ओवी