पाळण्याची शेवटची गाठ

वेरावळ, ८ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप राजेश्वरीआत्यास,
नंदीशचा शि. सा. न. वि. वि.

मी इथं खुशाल आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत न्हाय, अन् शिवप्रियाताईकडं निरोप दिला की ती अर्धा पदरचा घालती, म्हणून लिहितोय. सातवी नापासाचं अक्षर आहे, सांभाळून घ्या.

सुरतेचं काम सोडलं. अप्पांनी माझ्या पायाच्या भिंगरीचा उद्धार केलाच असंल. इथं बंदरावर कोळ्यांची जाळी दुरुस्त करायचं काम धरलंय. आपल्या घरात मासळीचं नाव निघत न्हाय, तवा त्यांना नुसतं 'दोरीचं काम' एवढंच सांगा.

आता खरी गोष्ट. इथं भाणजीबापा म्हणून एक म्हातारा आहे. जाळं संपवताना तो जी शेवटची गाठ मारतो, ती आपल्या आजीची गाठ आहे! ती शिंक्याच्या बुडाला मारायची तीच. ओझं पडंल तशी आवळती, अन् एका बाजूनं ढकलली की लोण्यावाणी सुटती. लहानपणी ती गाठ सोडून मी गुळाची ढेप खालच्या खाली झेलायचो, आठवतंय का? म्हाताऱ्यानं एकदाच दाखवली अन् मला आली. बाकीची पोरं अजून चुकतेत.

तुळजापूरच्या पलीकडं पाऊल न टाकलेल्या आजीला समुद्रावरची गाठ कुणी शिकवली? डोक्यातनं जाईना. तुम्ही तिची लेक, तुम्हाला ठावं असंलच. अन् जाण्याआधी ताईच्या बाळासाठी ती पाळणा विणत व्हती, तो पुरा झाला का तसाच राहिला?

वडीलधाऱ्यांना नमस्कार, ताईला चिडवणं. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
नंदीश


माकणी, १९ फेब्रुवारी २०२६

चि. नंदीश यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू मामा झालास! शिवप्रियाला मुलगी झाली. नाक थेट अव्वाचं, तुझ्या आजीचं. बारसं पाडव्याला धरलंय.

पाळण्याचं विचारलंस. जाळी सगळी विणून झाली होती. बुडाशी सगळे पदर एकत्र घेऊन शेवटची गाठ मारायची, तेवढ्यात संक्रांतीच्या आधी अव्वा गेली. मी आपली साधी गाठ मारली आणि बाळाच्या जागी परसातला भोपळा ठेवला. दोन झोके नीट गेले. तिसऱ्याला पदर सरकले नि भोपळा खाली. दोन दिवस सगळे भोपळ्याची भाजी खातोय.

तुझा अप्पा म्हणतो, पाडव्यापर्यंत झालं नाही तर उमरग्याहून लोखंडी पाळणा आणतो, आणि या जाळीचं वासराला मुसकं करू. अव्वाचं शेवटचं काम वासराच्या तोंडाला?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. म्हणून धरणावर मासळी विकणाऱ्या नागूबाईला गाठलं. ती पोट धरून हसली. म्हणाली, व्हय, चन्नम्मा आमच्यातच शिकली! धरण भरलं तेव्हा नागूबाईची सासू तिथं जाळी विणत बसायची. अव्वा पदर नाकाला लावून बाजूला बसायची आणि एका हातानं शिकायची. एक दिवस सासू म्हणाली, बाई, नाक धर नाहीतर दोरी धर, दोन्ही जमायचं न्हाय. मग अव्वानं नाक सोडलं.

आता एक गंमत ऐक. दर मंगळवारी अव्वा दोनदा अंघोळ करायची. आम्ही सगळे तिचं व्रत समजायचो. आप्पाजी, तुझे आजोबा, तर पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. ते व्रत नव्हतं रे, मासळीचा वास होता!

गाठ मात्र नागूबाईला येत नाही. आता नायलॉनची तयार जाळी मिळते. अव्वानंही आम्हाला कुणाला शिकवली नाही. का, कोण जाणे. तुला येते, तर काहीतरी कर.

लोभ आहेच, तो एका जागी टिकव. तुझे पाय टिकत नाहीत ते नाहीत.

तुझी,
आत्या


वेरावळ, १ मार्च २०२६

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मंगळवारचं व्रत वाचून मी जाळ्यात लोळून हसलो. भाणजीबापाला सांगितलं, तर त्यानं आजीला हात जोडले.

पाडव्याला सुट्टी मागितली. मुकादम म्हणाला, येऊन महिना न्हाय झाला. काम सोडून यायचा इचार एकदा आला, पण ते मला लई सोपं जातं, म्हणून मुद्दाम थांबलो. ताईच्या फोनवर व्हिडिओ धाडला तर नुसती माझी बोटंच दिसतेत, गाठ त्यांच्याखाली. म्हणून या गाठोड्यात भाचीला झबलं ठेवलंय, अन् बाहेरून सुताच्या दोरीनं आजीची गाठ मारलीय. ती तशीच ठेवा. बघून बघून तसे पदर घ्या. काय बी झालं तरी सोडू नका.

अन् आजीनं कुणालाच का शिकवली न्हाय, ते मला अजून उमगंना. एरवी ती कधी हातचं राखणारी न्हवती.

बाळाला माझी पापी. आठवण काढत जावा.

तुमचा,
नंदीश


माकणी, २१ मार्च २०२६

चि. नंदीश यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

शहाण्या, गाठ बाहेर मारलीस आणि 'सोडू नका' हे आतल्या चिठ्ठीत लिहिलंस!

आपल्या घरात दोरी कापतात का कधी? अव्वाचा नियमच होता, दुकानातून आलेली सुतळी सोडायची, कात्री नाही, नख नाही, दात नाही, आणि गुंड्याला गुंडाळून ठेवायची. मी ओसरीत बसून सवयीनं वळण वळण उलगडलं, दोरी गुंड्यावर चढवली, आणि मग तुझी चिठ्ठी वाचली. कपाळाला हात लावला. तुझा अप्पा म्हणाला, झालं, आता वासराला बोलवा.

मी रडायच्या बेतात दोरी पुन्हा हातात घेतली. शेवटचं कुठलं वळण सुटलं होतं, ते बोटांना आठवत होतं. ते घातलं. त्याच्या आधीचं घातलं. ज्या वाटेनं आले तिनंच उलटी चालत गेले. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा ओढली आणि गाठ बसली. पाळण्यात वरवंटा ठेवला, टिकला. मग तुझा अप्पा दोन्ही हातांनी लोंबकळला. तुळई करकरली, गाठ हलली नाही. खाली उतरून त्यानं हात झटकले. मग म्हणाला, मुसक्याचं बाजारात बघतो.

पाडव्याला बाळ त्यातच घातलं. कानात नाव सांगितलं, चन्नम्मा. नागूबाई पहिल्या पाटावर होती.

कुणाला का शिकवली नाही, असं विचारलं होतंस. लहानपणी ती आम्हा प्रत्येकापुढं एक गाठ मारलेली दोरी टाकायची आणि म्हणायची, सोड. मला वाटायचं, बाई चिक्कू आहे, दोरी वाचवते. आणि ती गुळाची ढेप तुझ्याच हाताच्या उंचीवर का टांगलेली असायची, तेही आता तूच विचार कर.

हे गाठोडं त्याच गाठीनं बांधलंय. आत बारशाच्या घुगऱ्या आहेत. कात्री लावलीस तर बघ.

तुझी,
आत्या